पुढच्याची पाठ, मागच्याचे गुडघे



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून दोघा-तिघा स्नेह्यांनी मला वाटेतच गाठले आणि विचारले, "अहो, पानिपत आहे, फ्रेंच राज्यक्रांती आहे, गेला बाजार पेशवे दप्तर आहे, हे सगळे सोडून तुम्ही विमानातल्या खुर्चीचा इतिहास सांगणार?" मी म्हटले, होय, सांगणार. पानिपतावर जाण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर येणार नाही. विमानात जाण्याची मात्र पुष्कळांवर येते. मुलगा अमेरिकेत, मुलगी जर्मनीत, आणि लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी आपण रात्रभर गुडघे छातीशी घेऊन आकाशात बसलेले, हे चित्र आता या गावातल्या कितीतरी घरांचे आहे. अशा वेळी पुढचा प्रवासी एक बटण दाबतो, त्याच्या खुर्चीची पाठ आपल्या अंगावर येते, आणि हातातला चहा सांभाळताना आपल्या मनात जे विचार येतात ते या व्यासपीठावरून उच्चारण्याजोगे नसतात.

ही जागा साधारण चार इंचांची असते. पण या चार इंचांसाठी विमाने खाली उतरवावी लागली आहेत. २४ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेत नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले युनायटेड कंपनीचे विमान मध्येच शिकागोला उतरले. यंत्रात बिघाड नव्हता. एका गृहस्थाने पुढच्या खुर्चीच्या पाठीवरील जेवणाच्या घडीच्या फळीला प्लास्टिकचे दोन छोटे खटके अडकवले होते, त्यामुळे पुढे बसलेल्या बाईंना पाठ मागे झुकवता येईना. कर्मचाऱ्यांनी खटके काढायला सांगितले, गृहस्थ ऐकेनात, आणि अखेर बाईंनी पेल्यातले पाणी त्यांच्या अंगावर फेकले. दोघांनाही शिकागोत उतरवून विमान पुढे गेले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, दोघेही बसले होते तो भाग पाय ठेवायला थोडी अधिक जागा देणारा, म्हणजे वर पैसे भरून मिळणारा भाग होता. तीनच दिवसांनी मायामीहून पॅरिसला निघालेले विमान अशाच भांडणापायी बॉस्टनला वळवावे लागले. १ सप्टेंबरला न्यूयॉर्कहून वेस्ट पाम बीचला निघालेले तिसरे विमान जॅक्सनव्हिलला उतरले. नऊ दिवसांत तीन विमाने, आणि तिन्हींचे कारण एकच: पुढच्याची पाठ आणि मागच्याचे गुडघे.

या बातम्या वाचल्यावर मला आमच्या कोकणातले बांधाचे दावे आठवले. वीतभर बांध कोरल्यावरून तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी घराणी आपणही पाहिली असतील. पण तेथे निदान सातबाराचा उतारा असतो, मोजणीचा नकाशा असतो, तलाठी असतो. विमानाच्या तिकिटावर खुर्चीचा क्रमांक तेवढा असतो. त्या खुर्चीच्या पाठीमागची पोकळी कोणाची, याविषयी अवाक्षर नसते. ही पोकळी बेवारस कशी राहिली, हा माझ्या मते या विषयातला खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

पाठ मागे कलणारी खुर्ची विमानाने शोधलेली नाही. ती आगगाडीकडून आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील रेल्वेमार्ग इतके लांबले की, दोन-दोन रात्री गाडीत काढणे नित्याचे झाले. ज्यांच्या खिशात पैसा होता त्यांच्यासाठी जॉर्ज पुलमन यांचे झोपण्याचे डबे होते. ज्यांच्या खिशात तो नव्हता त्यांना बसूनच रात्र काढावी लागे. या मधल्या माणसासाठी त्या काळच्या अमेरिकी कारागिरांनी काय काय खटपटी केल्या, ते सीगफ्रीड गिडिऑन यांनी यंत्रयुगावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात मोठ्या आस्थेने नोंदवले आहे. केशकर्तनालयातली खुर्ची, दंतवैद्याची खुर्ची आणि रेल्वेतली खुर्ची या तिघी बहिणीच आहेत, हे त्यात वाचून मला मोठी मौज वाटली. कळ दाबावी, पाठ कलावी, पायाखाली आधार यावा. पुढे 'कलत्या खुर्च्यांचा डबा' ही काही रेल्वे कंपन्यांची जाहिरातीची बाबच होऊन बसली. ज्याला शय्या परवडत नाही त्याला अर्धी शय्या द्यावी, असा त्यामागचा हिशेब होता, आणि तो लबाडीचा नव्हता. त्या डब्यांतील दोन रांगांमध्ये एवढे अंतर असे की, पुढचा झोपला तरी मागच्याला त्याची खबर नसे.

विमानाला आरंभी या खुर्चीची गरज पडली नाही. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात प्रवासी विमाने सुरू झाली तेव्हा त्यांत वेताच्या खुर्च्या असत. वजन वाचवायचे, एवढाच विचार. शिवाय विमानात कोणी झोपतच नसे. इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची सेवा सुरू केली तेव्हा त्या प्रवासाला सात दिवस लागत आणि त्याचा एक टप्पा तर आगगाडीने करावा लागे. पण रात्र झाली की विमान उतरे, आणि उतारू जमिनीवरच्या बिछान्यात झोपत. अंधारात विमान चालवणे सुरक्षित होऊ लागले तेव्हाच झोपेचा प्रश्न आकाशात गेला.

त्याचे पहिले उत्तर अगदी सरळ होते: बिछाना द्या. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी डग्लस कंपनीकडे शय्यांच्या विमानाची मागणी केली, आणि तिच्यातून १७ डिसेंबर १९३५ रोजी उडालेले ते विमान जन्मले, ज्याची दिवसाची आवृत्ती डीसी-३ या नावाने जगभर गाजली. शय्यांच्या विमानात १४ बिछाने मावत. बिछाने काढून खुर्च्या बसवल्या की २१ माणसे मावत. चौदा आणि एकवीस हे दोन आकडे मनात ठेवा. पुढचा सगळा इतिहास या वजाबाकीत दडलेला आहे. निजलेल्या माणसापेक्षा बसलेला माणूस कमी जागा खातो, हे कळायला कंपन्यांना फार वर्षे लागली नाहीत. तेव्हा शय्या गेली आणि तिच्या जागी रेल्वेची जुनी तडजोड आली, ती म्हणजे कलती खुर्ची.

आपल्याकडे एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्या पहिल्या उड्डाणात ३५ प्रवासी होते. आज एवढी माणसे सहा रांगांत बसतात. पंख्यांचे विमान, घरघर, थांबत थांबत जाणे; एवढा वेळ ताठ बसणे कोणालाही अशक्यच होते. त्या काळी खुर्चीची पाठ मागे घेणे हा पुढच्याचा अपराध नव्हता, कारण मागच्याचे काही जातच नव्हते. बटणाबरोबर मिळणारा हक्क तिकिटात लिहून ठेवण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही, याचेही कारण हेच. भांडण नसते तेथे कागद होत नाही.

आता थोडे मोजमाप. विमानवाले रांगांमधील अंतराला 'पिच' म्हणतात. एका खुर्चीवरील कोणतीही एक खूण घ्यावी आणि तिच्यापासून पुढच्या खुर्चीवरील त्याच खुणेपर्यंत मोजावे, ते पिच. याचा अर्थ असा की, पिच म्हणजे पायांची जागा नव्हे. त्यात खुर्चीच्या पाठीची जाडीही आली आणि आपले सारे बूडही आले. मध्यम उंचीच्या पुरुषाला पाठीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत सुमारे दोन फूट लागतात. चाळीस इंचांतून दोन फूट आणि पाठीची जाडी वजा केली तर भरपूर जागा उरते. तीस इंचांतून तीच वजाबाकी करा, हाती दोन-तीन इंच येतात. खुर्ची बिजागरीवर, म्हणजे बैठकीजवळ कलते, त्यामुळे पाठीचा वरचा काठ सर्वांत जास्त मागे येतो. तो प्रथम आपल्या डोळ्यांसमोर येतो, मग ताटावर, आणि उंच माणूस असेल तर त्याच्या गुडघ्यावर. पंधरा पिढ्यांत माणसाची मांडी काही आखूड झालेली नाही. आखूड झाले ते अंतर.

ते कसे झाले? १९५२ च्या मे महिन्यात अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट' वर्ग आला, आणि १ एप्रिल १९५८ पासून त्याहून स्वस्त असा 'इकॉनॉमी' वर्ग. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी 'आयाटा' ही कंपन्यांची संघटना ठरवीत असे, सर्वांची सारखी. भाडे सारखे म्हटल्यावर सोयीही सारख्याच ठेवाव्या लागतात, नाहीतर एखादी कंपनी त्याच पैशात पंचपक्वान्ने घालून दुसऱ्यांची गिऱ्हाइके पळवील. म्हणून या नव्या वर्गातील रांगांचे अंतर ३४ इंच ठरले, आणि जेवणाऐवजी सँडविच द्यावे असे ठरले. यावर जो तमाशा झाला तो सांगण्याचा मोह आवरत नाही. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने आपल्या देशरिवाजाप्रमाणे पावाच्या एकाच चकतीवर मासे, मांस, चीज असे थरावर थर रचून सँडविच द्यायला आरंभ केला. पॅन अमेरिकन कंपनीने तक्रार केली की, हे सँडविच नव्हे, ही मेजवानी आहे. प्रकरण आयाटापुढे गेले, सँडविच कशाला म्हणावे याची चौकशी झाली, सँडविच थंड, साधे आणि स्वस्त असावे असे ठरले आणि स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड भरावा लागला. हसू नका. पावावर काय असावे याचा कायदा करणाऱ्या माणसांनी रांगांचे अंतरही लिहून ठेवले. पण खुर्ची मागे कलल्यावर त्या अंतरातले किती कोणाचे, हे काही लिहिले नाही. ३४ इंचांत तो प्रश्न कुरकुरू लागला असेल, ओरडत नव्हता. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेले, जेटयुग सुरू झाले, प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला आणि थोडे अवघडून बसणे सुसह्य वाटू लागले. १९६० साली एअर-इंडियानेही ७०७ घेतले.

अमेरिकेच्या अंतर्गत भाड्यांवर त्या सरकारच्या नागरी विमान मंडळाचे नियंत्रण होते. भाडे कमी करण्याची मुभा नसल्यामुळे कंपन्या सुखसोयींत चढाओढ करीत. १९७१ साली अमेरिकन एअरलाइन्सने तर आपल्या जंबो जेटच्या साध्या वर्गात पियानो ठेवला होता! २४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि चढाओढ सोयींची होती ती भाड्यांची झाली. विमानप्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आला तो प्रामुख्याने या फेरबदलामुळे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. जुन्या काळातील ऐसपैस खुर्चीची आठवण काढून जे उसासे टाकतात, ते त्या खुर्चीचे भाडे आजच्या पैशात किती झाले असते याचा हिशेब करीत नाहीत. मी स्वतः त्या काळी विमानतळाबाहेर उभा राहून विमाने पाहणाऱ्यांपैकीच असतो.

परंतु स्वस्ताईची किंमत कोणीतरी दिलीच पाहिजे, आणि ती गुडघ्यांनी दिली. गणित सोपे आहे. तीस रांगांचे विमान घ्या, प्रत्येक रांगेत सहा खुर्च्या. दर रांगेमागे एक इंच काढला की तीस इंच मोकळे होतात. म्हणजे एक नवी रांग, सहा नवी तिकिटे, प्रत्येक उड्डाणाला, दररोज, वर्षानुवर्षे. एका इंचाने कोणी मरत नाही, आणि एका इंचाची तक्रार कोणी करीत नाही. पुढे त्या न्यायालयीन लढ्यात प्रवाशांच्या संघटनेने जे आकडे मांडले त्यांप्रमाणे १९७० च्या दशकात सरासरी ३५ इंच असलेले अंतर ३१ वर आले, आणि काही विमानांत २८ इंचांवर. कंपन्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे: खुर्चीच्या पाठी आता पातळ झाल्या आहेत, त्यामुळे इंच कमी झाले तरी गुडघ्यांना तेवढेच मिळते. त्यात तथ्य आहे, पण पाठ उभी असेपर्यंतच.

उलट दिशेने जाण्याचा एक प्रयोग झाला तो सांगण्याजोगा आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकन एअरलाइन्सने जाहीर केले की, आम्ही साध्या वर्गातील रांगा कमी करून सर्वांना अधिक जागा देऊ. खरोखरच हजारो खुर्च्या उपटून काढल्या. लोकांनी कौतुक केले आणि तिकीट मात्र जेथे चार डॉलर स्वस्त मिळेल तेथे काढले. २००४ पर्यंत तो प्रयोग गुंडाळून खुर्च्या परत बसवल्या गेल्या. दुसऱ्या कंपन्यांनी त्यातून धडा घेतला: जागा सर्वांना देऊ नये, विकावी. युनायटेडने १९९९ पासून असा वेगळा भाग केलाच होता. शिकागोला उतरवलेली ती दोन माणसे या विकलेल्या जागेतच बसली होती.

आता त्या खटक्यांकडे येऊ. आयरा गोल्डमन नावाच्या सव्वासहा फूट उंचीच्या अमेरिकन गृहस्थाने ते तयार केले आणि २००३ साली विक्रीला काढले. इंग्रजी नावाचा अर्थ 'गुडघेरक्षक'. फळी उघडायची, तिच्या दोन्ही दांड्यांवर एकेक खटका बसवायचा, की पुढची पाठ हलत नाही. सोबत एक छापील पत्रही मिळे, पुढच्या प्रवाशाला नम्रपणे देण्यासाठी: मी आपली खुर्ची अडवली आहे, क्षमा असावी, अशा आशयाचे. कुलूप घालून मग दिलगिरी! अमेरिकेच्या विमान प्रशासनाने उड्डाण व अवतरणाची वेळ सोडून त्यावर बंदी घातली नाही. कंपन्यांनी मात्र आपापल्या विमानांत त्याला मनाई केली. का केली? बटण आम्ही दिले आहे, ते निकामी करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असे त्यांना वाटले असणार. पण बटण देताना मागच्यालाही त्यांनी तीच पोकळी 'पायांची जागा' म्हणून दिली होती, हे कोणी म्हटले नाही.

अर्थशास्त्र्यांना हा वाद फार आवडला, कारण त्यांना रोनाल्ड कोस यांचा १९६० चा प्रसिद्ध निबंध आठवला. कोस यांना पुढे १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निबंधात त्यांनी १८७९ च्या एका इंग्लिश खटल्याची चर्चा केली आहे. लंडनमध्ये एक हलवाई पिढ्यान् पिढ्या आपल्या मागच्या खोलीत खलबत्ते कुटीत असे. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, नेमकी त्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि मग तक्रार केली की, आवाजाने रोग्याच्या छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोस म्हणतात, त्रास एकजण दुसऱ्याला देतो असे आपण समजतो ते चूक. त्रास दोघांच्या शेजारामुळे होतो. हक्क कोणाचा ते एकदा ठरू द्या, आणि सौदा करायला खर्च येत नसेल तर ज्याला त्या वस्तूची अधिक किंमत आहे तो दुसऱ्याकडून ती विकत घेईल. म्हणजे गुडघ्यांची खरोखरच एवढी काळजी असेल, तर पुढच्याला पैसे देऊन ताठ बसवा, असे अमेरिकेतील काही लेखकांनी २०१४ च्या भांडणांनंतर गंभीरपणे लिहिले.

त्यावर ख्रिस्तोफर बुकाफुस्को आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी त्याच वर्षी लोकांना प्रत्यक्षच विचारून पाहिले. खुर्ची मागे घेण्याचा हक्क तुमचा आहे, तो सोडायला किती घ्याल? सरासरी उत्तर आले ४१ डॉलर. मागचे द्यायला तयार होते १८. मग त्यांनी प्रश्न उलटा केला: हक्क मागच्याचा आहे, पुढच्याने तो विकत घ्यायचा. आता पुढचे जेमतेम १२ डॉलर द्यायला तयार, आणि मागचे ३९ च्या खाली उतरेनात! जे ज्याच्या हाती आहे ते त्याला सोन्याचे, आणि तेच दुसऱ्याच्या हाती असेल तर कवडीमोल. बांधाच्या भांडणात काय वेगळे असते? मला मात्र त्यांच्या आणखी एका प्रश्नाचे उत्तर अधिक मोलाचे वाटते. मागच्याने पैशांऐवजी काही खायला-प्यायला देऊ केले तर? शंभरातील ७८ जण म्हणाले, मग आम्ही ताठ बसू. ज्याची किंमत ४१ डॉलर सांगितली ते पेलाभर पेयावर सुटले. म्हणजे भांडण इंचांचे जितके आहे तितकेच विचारण्या-न विचारण्याचेही आहे.

पण येथेच थांबलो तर मी आपली फसवणूक केली असे होईल. पुढच्याने विचारावे, मागच्याने समजून घ्यावे, हे बोलायला छान आहे. परंतु या दोघांच्या संवादात ज्याने अंतर कमी केले तो तिसरा पक्ष साळसूदपणे बाहेर राहतो. मायकेल हेलर आणि जेम्स साल्झमन यांनी मालकीहक्कावरील आपल्या २०२१ च्या पुस्तकाची सुरुवातच या खटक्यांपासून केली आहे, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते: हक्क संदिग्ध ठेवणे कंपन्यांच्या सोयीचे आहे, कारण संदिग्धतेमुळे त्यांना तीच पोकळी दोनदा विकता येते. एकदा पुढच्याला टेकायला, एकदा मागच्याला पाय ठेवायला. एकच शेत दोघांना खरेदीखत करून देणारा मालक आपल्याकडे तुरुंगात जातो.

मग कायदा कोठे आहे? कायदा आला, पण गुडघ्यांच्या वाटेने आला नाही. आगीच्या वाटेने आला. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर उड्डाणाच्या वेळी एका बोइंग ७३७ च्या इंजिनाला आग लागली आणि ५५ माणसे गेली, त्यांतील बहुतेक धुराने. विमान जमिनीवरच होते, तरी लोकांना वेळेत बाहेर पडता आले नाही. त्यानंतर १९८९ मध्ये ब्रिटनने नियम केला की, खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत किमान २६ इंच असलेच पाहिजेत. सुखाने बसता यावे म्हणून नव्हे, उठून पळता यावे म्हणून.

अमेरिकेत 'फ्लायर्स राइट्स' या प्रवासी संघटनेने किमान अंतराचा नियम मागितला. प्रशासनाने नकार दिल्यावर ती न्यायालयात गेली. २८ जुलै २०१७ च्या निकालात न्यायमूर्ती पॅट्रिशिया मिलेट यांनी आकसत चाललेल्या खुर्चीचे हे प्रकरण प्रशासनाकडे परत पाठवले, कारण ज्या चाचण्यांचा आधार प्रशासन सांगत होते त्या त्याने उघडच केल्या नव्हत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये काँग्रेसने कायदा करून सांगितले की, वर्षभरात किमान मापे ठरवा. वर्ष गेले. २०१९ च्या अखेरीस ओक्लाहोमा सिटीत ७७५ माणसे जमवून विमान रिकामे करण्याच्या चाचण्या घेतल्या. निष्कर्ष निघाला की, अंतरामुळे काही बिघडत नाही. त्या माणसांत साठीपुढचा एकही नव्हता, लहान मूल नव्हते, अपंग नव्हता. आपल्यातले कितीजण त्या चाचणीत बसले असते ते आपणच मोजा. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासनाला नियम करायला भाग पाडण्यास नकार दिला. नियम असतो तो नव्वद सेकंदांत बाहेर पडण्याचा. बाकीचे दहा-पंधरा तास कायद्याच्या खिजगणतीत नाहीत.

आणि त्या तासांत काही होत नाही असे नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत असताना हजारो लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत बसून काढीत. त्यांतील काहीजण बॉम्बने नव्हे तर सकाळी उठताना एकाएकी मरू लागले. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने शवविच्छेदन करून दाखवले की, पायात गोठलेली रक्ताची गाठ फुप्फुसात जाऊन हे मृत्यू होत आहेत, आणि त्याचे मूळ खुर्चीत आहे. खुर्ची कोणती? आपल्या ओटीवर असते तीच, कापडाची, घडीची, पुढे लाकडी दांडा असलेली आरामखुर्ची! त्या दांड्याने मांडीखालच्या शिरा दबत. उपाय म्हणून आश्रयस्थानांत फळ्यांचे बिछाने बसवण्यात आले. १९७७ साली वैद्यकीय लेखनात याच विकाराला 'इकॉनॉमी वर्गाचा विकार' असे नाव मिळाले. नाव थोडे अन्यायाचे आहे, कारण गाठ वर्ग पाहून होत नाही, हालचाल थांबल्याने होते, मोटारीतही होते. पण पुढच्याची पाठ अंगावर असताना कोणी उठून फेऱ्या मारीत नाही, एवढे अनुभवाने सांगतो.

असे वाद मिटवताच येत नाहीत असे मात्र नाही. आपल्याच रेल्वेत मधल्या शय्येचा वाद आहे. मधला झोपला की खालचा ताठ बसू शकत नाही. नेमका हाच प्रश्न. रेल्वेने तो घड्याळाने सोडवला. पूर्वी रात्री ९ ते सकाळी ६ अशी झोपण्याची वेळ होती, ऑगस्ट २०१७ मध्ये ती १० ते ६ करण्यात आली. आजारी, अपंग आणि गरोदर स्त्रियांना समजून घ्यावे अशी पुस्ती जोडून. कुरबुरी होतात, पण घड्याळ दाखवले की आवाज उतरतो. विमानात अशी वेळ फक्त उड्डाण, अवतरण आणि बहुधा जेवण यांपुरती असते.

विमान कंपन्यांनी दुसरा मार्ग काढला: बटणच काढून टाकले. रायनएअरने २००४ पासून न कलणाऱ्या खुर्च्या घेतल्या, पुढे इतरांनीही जवळच्या पल्ल्यासाठी तेच केले, आणि एका अमेरिकन कंपनीने त्यांना 'आधीच कललेल्या खुर्च्या' असे गोंडस नाव दिले. कॅथे पॅसिफिकने या शतकाच्या पहिल्या दशकात कवचातली खुर्ची आणून पाहिली. पाठ मागे येत नसे. बैठकच पुढे सरके. मागचा सुखी झाला, पण पुढच्याचेच गुडघे त्याच्या पुढच्या कवचाला भिडू लागले. ती खुर्ची लोकांना आवडली नाही, काढावी लागली. डेल्टाने २०१९ मध्ये काही विमानांत चार इंचांचे कलणे दोन इंचांवर आणले. पुढच्याच वर्षी तिचे प्रमुख एड बॅस्टियन म्हणाले की, खुर्ची मागे घेण्याचा हक्क आहे, पण आधी मागच्याला विचारणे हे योग्य.

मीही एकदा विचारून पाहिले आहे. लांबच्या रात्रीच्या प्रवासात पुढच्या गृहस्थांची पाठ माझ्या ताटावर आली तेव्हा मी त्यांच्या खांद्याला हळूच स्पर्श करून म्हटले, "साहेब, जेवण होईपर्यंत जरा पुढे घेता का?" ते वळले. माझ्याहून वयस्कर होते, बोलण्यावरून नगरकडचे वाटले. म्हणाले, "घेतो की, पण माझ्या पुढचा बघा ना किती मागे आलाय. मी सरळ बसलो तर नाक लागतंय त्याच्या टाळूला." मी उठून पाहिले. त्यांच्या पुढचा कललेला, कारण त्याच्याही पुढचा कललेला. रांगेमागून रांग, थेट पुढच्या पडद्यापर्यंत. त्यांनी खुर्ची दोन बोटे पुढे घेतली, मी जेवलो. मग मीही पाठ मागे घ्यावी म्हणून बटण दाबले. काही झाले नाही. मागे वळून पाहिले तर भिंत होती आणि भिंतीपलीकडे स्वच्छतागृह. मी शेवटच्या रांगेत होतो.